सातवीत शाळा सोडली, नववीत परत गेली: नाशिकच्या एका घरातलं होमस्कूलिंग

ही केस नाशिकमधल्या एका कुटुंबाची आहे. नावं, शाळा, एरिया सगळं काढून टाकलंय आणि घरच्यांनी वाचून हो म्हटल्यावरच टाकतेय. मी आधी शाळेत गणित शिकवायचे, आता घरी शिकणाऱ्या मुलांसोबत काम करते, या मुलीसोबत जवळजवळ सुरुवातीपासून होते. लहानपणापासूनच शाळेत न गेलेल्या मुलांबद्दल बरंच वाचायला मिळतं, पण सहावी-सातवीत शाळा सोडणं हे प्रकरणच वेगळं, कारण तोवर मुलाला शाळेची सवय लागलेली असते, मैत्रिणी झालेल्या असतात आणि दोन वर्षांवर नववी येऊन उभी असते.

पार्श्वभूमी

बाबा अंबड एमआयडीसीत नोकरीला, शिफ्ट ड्युटी. आई घरून अकाउंट्सची कामं करायची, छोट्या दुकानदारांचं जीएसटी, टॅली वगैरे. घरात आजी (बाबांची आई) आणि मुलीचा धाकटा भाऊ. मुलगी सीबीएसईच्या इंग्लिश मीडियम शाळेत. बस सकाळी सव्वासहाला, घरी यायला तीन, पाच ते सात ट्यूशन, मग होमवर्क.

ती चौथीत होती 2020-21 ला, म्हणजे अख्खी चौथी आणि पाचवीचा मोठा भाग आईच्या मोबाईलवर झाला. ज्यांची मुलं त्या वयाची होती त्यांना आठवत असेल, कॅमेरा बंद, माईक म्यूट, आणि वर्कशीटचे फोटो काढून पाठवायचे. मार्क मात्र झकास यायचे कारण आई शेजारी बसलेली. सहावीत शाळा नीट सुरू झाली आणि गणितात ती एकदम खाली आली, मग ट्यूशन लावली, मग दुसरी ट्यूशन लावली.

नेमकी अडचण काय होती

दिसायला अडचण पोटदुखीची होती. सहावीच्या शेवटापासून रविवारी रात्री पोट दुखायला लागायचं, सोमवारी सकाळी उलटी. सातवीच्या पहिल्या सहामाहीत आठवड्यातून एक-दोन दिवस दांडी ठरलेली. सोनोग्राफी झाली, रक्त-लघवी झाली, सगळं नॉर्मल. शेवटी मुलांच्या डॉक्टरांनीच सरळ विचारलं की सुट्टीत दुखतं का. नाही दुखायचं.

वर्गात फळ्यावर बोलावून गणित सोडवायला लावायचे आणि नाही आलं की उभं राहायचं, हे तिने पुढे बऱ्याच दिवसांनी सांगितलं. शाळा वाईट होती असं मी म्हणणार नाही, पन्नासच्या वर मुलं असलेल्या वर्गात चौथीचं राहिलेलं सातवीत कोण शिकवणार? पण माझ्या मते मूळ दुखणं तिथेच होतं. मी तिला पहिल्यांदा भेटले तेव्हा विचारलं, एक अष्टमांश मोठा की एक षष्ठांश. म्हणाली वन बाय एट, कारण आठ मोठे. पण तीच मुलगी अपूर्णांकांची बेरीज एलसीएम काढून बरोबर करत होती. रीत पाठ होती, त्या आकड्यांचा अर्थ काय ते माहीत नव्हतं, आणि सातवीचं अर्ध गणित अपूर्णांक आणि टक्केवारीवर उभं असतं.

कोणते पर्याय होते

त्यांच्यासमोर चार पर्याय होते. पहिला, आहे तिथेच राहायचं आणि काउन्सेलर गाठायचा. दुसरा, वर्षाच्या शेवटी शाळा बदलायची. तिसरा, लगेच दाखला काढून घरी शिकायचं. चौथा डॉक्टरांनी सुचवला, आधी मेडिकल रजा घ्या, दोन महिने घरी ठेवून बघा, दाखल्याचं नंतर.

बाबांना तिसरा आवडला होता. त्यांना ऑफिसच्या ग्रुपवर ती 2016 ची बातमी आली होती, मुंबईची मुलगी, सातवीत शाळा सोडली आणि बारावीचं सर्टिफिकेट नसताना अमेरिकेत एमआयटीला गेली. खरी बातमी आहे ती, पण त्या मुलीकडे प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडची तीन पदकं होती, त्या जोरावर तो प्रवेश झाला. पोटात गोळा येणाऱ्या मुलीचा निर्णय त्या बातमीवरून घ्यायचा नसतो असं मी बाबांना जरा स्पष्टच बोलले. आजीचा विरोध होता, तिचं म्हणणं एकच, लोक काय म्हणतील ते सोडा पण पोरगी दिवसभर घरात करणार काय. तेव्हा सगळ्यांनी आजीला जुन्या विचारांची म्हणून उडवून लावलं, पण खरं सांगायचं तर पूर्ण चर्चेत कामाचा प्रश्न तोच होता.

कायद्याचं पण बघितलं. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे, 6 ते 14 वयाच्या मुलांना शाळेत घालणं हे कलम 10 प्रमाणे पालकांचं कर्तव्य आहे, पण ते नाही केलं तर पालकांना शिक्षा काय हे त्यात लिहिलेलं नाही, आणि होमस्कूलिंग हा शब्दच त्यात नाही. म्हणजे धड परवानगी नाही आणि धड बंदी पण नाही. बरीच घरं या फटीतच शिकतायत. ज्यांना हे चालत नाही, ज्यांना प्रत्येक गोष्टीचा शिक्का हातात लागतो, त्यांनी या वाटेला न गेलेलंच बरं.

निर्णय

2023 ची दिवाळीची सुट्टी संपली आणि ती शाळेत गेली नाही. पण दाखला काढला नाही. आईने प्रिन्सिपल मॅडमना भेटून खरं ते सांगितलं, डॉक्टरांचं पत्र दिलं, दुसऱ्या टर्मची फी भरली (ही फी भरताना बाबांची फार चिडचिड झाली) आणि ठरवलं की वार्षिक परीक्षेला मुलगी येऊन बसेल. आठवीच्या आत सातवीत कोणाला नापास करत नाहीत त्यामुळे मार्कांचं टेन्शन नव्हतं. मार्चमध्ये ती जाऊन बसली, गणितात जेमतेम मार्क पडले, आणि एप्रिलमध्ये दाखला काढला तेव्हा त्यावर सातवी पूर्ण असं आलं.

पूर्ण केसमधला सगळ्यात शहाणा निर्णय मला हा वाटतो. मध्येच दाखला काढला असता तर त्यावर सातवीत शिकत असताना सोडली असं आलं असतं आणि पुढे प्रत्येक ठिकाणी समजावत बसायला लागलं असतं. शिवाय ते दोन-चार महिने परतीचं दार उघडं होतं, मुलीला पण ते माहीत होतं, त्यामुळे ती मोकळेपणाने बोलायची. एका टर्मची फी गेली, जाऊ दे.

पहिले तीन महिने

आईने टाइमटेबल केलं. नऊ ते दहा मॅथ्स, दहा ते अकरा सायन्स, पंधरा मिनिटं ब्रेक. भिंतीला व्हाइटबोर्ड. दुसऱ्या आठवड्यात दोघींची रोज भांडणं सुरू. आई समोर बसून हिशोबाच्या नजरेने वही बघायची आणि मुलगी रडायची, म्हणजे जे फळ्यापाशी व्हायचं तेच आता डायनिंग टेबलवर. एकदा आई मला फोनवर म्हणाली, "ताई, शाळेत निदान मला ती आवडायची तरी."

जानेवारीत बसून सगळं बदललं. आईने गणित शिकवायचंच नाही असं ठरलं. ते माझ्याकडे, आठवड्यातून दोनदा. आईकडे फक्त व्यवस्था, म्हणजे पुस्तकं, फॉर्म, कुठे जायचं ते. सायन्स बाबांकडे, ज्या आठवड्यात सेकंड शिफ्ट असेल त्या आठवड्यात सकाळी. आणि मराठी आजीकडे, हे कोणी ठरवून नाही केलं, दुपारी आजीला पेपर वाचून दाखवायचं काम तिच्यावर आलं कारण आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. इंग्लिश मीडियमची मुलगी, सुरुवातीला अग्रलेखाच्या पहिल्या ओळीतच अडकायची, आजी पडल्या पडल्या शब्द सुधारायची. मग सार्वजनिक वाचनालयाचं कार्ड काढलं, 1840 पासूनचं वाचनालय गावात आहे आणि आपण पोरांना मॉलमध्ये नेतो.

गणितात मी सातवीचं पुस्तक बंद केलं आणि बालभारतीची चौथी-पाचवीची पुस्तकं काढली, पीडीएफ फुकट मिळतात. बारा वर्षांच्या मुलीला पाचवीचं पुस्तक देणं अवघड असतं हो, तिने त्याला खाकी कव्हर घातलं आणि वर नुसतं मॅथ्स लिहिलं. भाऊ चौथीत होता, त्याच्या हाती लागू नये म्हणून.

कांद्याची वही

मुलीचा मामा निफाड तालुक्यात, कांदा करतो. डिसेंबरमध्ये ती मामाकडे राहायला गेली ती नेमकी त्या आठवड्यात, 8 डिसेंबर 2023 ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि लासलगावचे भाव धडाधड पडले. घरात दुसरा विषय नाही. मामाने तिला एक वही दिली आणि सांगितलं रोजचा भाव लिही, किमान, कमाल, सरासरी. ही वही तिने मे महिन्यापर्यंत चालवली, नाशिकला परत आल्यावर रोज मामाला फोन करून भाव विचारायची.

मला आयतं साहित्य मिळालं. क्विंटल म्हणजे शंभर किलो, त्यामुळे टक्केवारी आपोआप आली. एका क्विंटलमध्ये गोल्टी म्हणजे बारीक कांदा किती निघाला, सडका किती, चाळीत ठेवल्यावर वजन किती घटलं, हे सगळे अपूर्णांकच. भाव चाळीस टक्क्यांनी पडला आणि परत चाळीस टक्क्यांनी वाढला तर पहिल्याइतका का होत नाही, यावर आम्ही दोन क्लास घालवले, मोठ्या माणसांना पण पटकन सांगता येत नाही ते. ग्राफ तिने स्वतः काढला. मग प्रश्न आले, सरकारने बंदी का घातली, कारण शहरात कांदा महाग झाला होता, म्हणजे आपल्या सोसायटीतल्या काकूंना स्वस्त मिळावा म्हणून मामाचा तोटा का? मे 2024 मध्ये बंदी उठली पण 40 टक्के निर्यात शुल्क लावलं, ते शुल्क कोण भरतं यावर बाबा आणि मामा फोनवर भांडले आणि ही ऐकत होती. नागरिकशास्त्राचा असा तास मी कुठल्या शाळेत बघितला नाही.

पण हे वाचून कोणाला वाटेल की सगळं असं जीवनातून शिकवता येतं, तर तसं नाहीये. बीजगणित वहीत बसूनच करायला लागलं. भूमितीत तिला कंटाळा यायचा आणि मी तो कंटाळा येऊ दिला. आणि सायन्सचे प्रयोग जवळपास झालेच नाहीत, बाबांची शिफ्ट बदलली की सायन्स बंद. मामाच्या गावावरून नांदूरमध्यमेश्वर जवळ, तिथे दोनदा पक्षी बघायला नेलं, पण लॅबची भर त्याने निघत नाही.

पैसा

शाळेची फी आणि बस मिळून वर्षाला 80-85 हजार जायचे, ते वाचले. लोकांना एवढंच दिसतं. आईने अर्ध्याहून जास्त क्लायंट सोडले, ते नुकसान वाचलेल्या फीच्या कितीतरी पुढे गेलं, आणि सुटलेले क्लायंट परत मिळत नाहीत. आजी घरात नसती तर हे जमलंच नसतं, दोघं नोकरी करणाऱ्या आणि घरात तिसरं मोठं माणूस नसलेल्या कुटुंबाला या वयात होमस्कूलिंग कसं जमेल हे मला खरंच सांगता येणार नाही.

मैत्रिणी आणि ग्राउंड

जानेवारीपर्यंत शाळेतल्या मैत्रिणींचे फोन यायचे, मग त्यांच्या ग्रुपवर ज्या सरांबद्दल, ज्या टेस्टबद्दल बोलणं चालायचं ते हिला कळेना, मग बंद झालं. सोसायटीतली मुलं साडेपाचला येऊन सहाला क्लासला. आजीचा प्रश्न, पोरगी दिवसभर करणार काय, तो इथे येऊन बसला. सात-आठ वर्षांच्या मुलाला आई-आजी पुरतात, तेराव्या वर्षी नाही पुरत, आणि पुरू पण नयेत.

होमस्कूलिंगवाल्या दोन-तीन कुटुंबांच्या भेटी झाल्या पण त्यांची मुलं लहान. मग ग्राउंड सापडलं. नाशिकला पळण्याची हवा आहे, कविता राऊतने 2010 च्या कॉमनवेल्थला 10 हजार मीटरमध्ये ब्राँझ आणलं तेव्हापासून पोरी पळतायत. सकाळी साडेसहाला ही मुलगी, जी शाळेच्या बससाठी सव्वासहाला रडायची, स्वतः उठून शूज घालून तयार. सहा महिन्यांत 800 मीटर बरी पळायला लागली.

आणि मग अडकलं. शालेय क्रीडा स्पर्धा जिल्हा क्रीडा कार्यालयातर्फे होतात, 14 वर्षांखालील, 17 वर्षांखालील अशा गटात, आणि नोंदणी शाळेतून होते. शाळा नाही तर एंट्री नाही. असोसिएशनच्या खुल्या स्पर्धा असतात त्यात ती पळाली, पण ग्राउंडवरच्या बाकी सगळ्या मुली शाळेचं नाव छातीवर लावून जिल्ह्याला गेल्या आणि ही घरी. त्या संध्याकाळी ती पहिल्यांदा म्हणाली की नववीला शाळेत जायचंय. आई-बाबांना धक्का बसला, कारण ते तोवर एनआयओएसची, म्हणजे शाळेत न जाता दहावी देता येते त्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, माहिती काढून बसले होते.

आठवीनंतर काय

मिडल स्कूलमध्ये घरी शिकवणाऱ्या प्रत्येकाला हा फाटा येतो. आठवीपर्यंत कागदावर फार काही अडत नाही, आरटीईमुळे वयाप्रमाणे वर्गात प्रवेश मिळायचा हक्क आहे. नववीला ते कवच नाही. सीबीएसईत नववीलाच बोर्डाचं रजिस्ट्रेशन होतं, त्यामुळे दहावीला एकदम जाऊन बसू असं तिथे चालत नाही. म्हणजे सातवीत शाळा सोडली तर हातात जेमतेम दीड वर्ष असतं, मग ठरवावंच लागतं.

पर्याय तीन होते. एनआयओएसची दहावी, 14 वर्षं पूर्ण हवीत, पाच विषय, परीक्षा वर्षातून दोनदा, एका वेळी सगळे विषय द्यायची सक्ती नाही, अशा मुलीला सोयीचं. दुसरा, राज्य बोर्डाचा 17 नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसायचं. तिसरा, नववीला शाळा. आई एनआयओएसच्या बाजूने, बाबा 17 नंबरच्या. मी दोघांना म्हटलं, मुलगी बोलतेय ते ऐका, शाळा सोडताना तिचं ऐकलं होतं ना, मग आता का नाही?

शाळा शोधताना जुनी शाळा नको हे तिनेच सांगितलं. चालत दहा मिनिटांवरची स्टेट बोर्डाची सेमी इंग्लिश शाळा तिला हवी होती कारण ग्राउंडवरच्या दोघी तिथल्या. त्याआधी दोन शाळांनी गेटवरच नाही म्हटलं, सिस्टिममध्ये मुलगी दिसतच नाही म्हणे. दिसत होती, यूडायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, दाखला घेतलेली मुलं ड्रॉपबॉक्स नावाच्या यादीत जातात आणि नवीन शाळेने पेन नंबर (प्रत्येक मुलाचा कायमचा नंबर) टाकून ओढून घ्यायची असतात, पण समोरच्या क्लार्कला ते करायचं नव्हतं. तिसऱ्या शाळेच्या मुख्याध्यापक बाईंनी विचारलं की आठवीचा काही कागद आहे का.

होता, सुदैवाने. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची आठवीची परीक्षा असते, 13 वर्षं पूर्ण असली की बसता येतं. हा फॉर्म आईने आदल्या वर्षी असाच, असू दे म्हणून भरून ठेवला होता. रिझल्ट हातात यायला वेळ लागला तेव्हा बाईंनी हमीपत्र लिहून घेतलं आणि जून 2025 मध्ये मुलगी नववीत बसली.

पुढे काय झालं

पहिले आठ-दहा दिवस पोटदुखी परत आली. घरात सगळे हादरले पण यावेळी कोणी रजा नाही काढली, बाईंना आधी सांगून ठेवलं होतं, त्यांनी तिला फळ्यावर बोलावायचं नाही एवढं बघितलं. मग थांबली. पहिल्या घटक चाचणीत गणित 20 पैकी 14, तिच्यासाठी उत्तम. मराठी बरं, आजीची कृपा. सायन्स कच्चं. सगळ्यात मोठा मार लिहिण्याच्या स्पीडचा, पेपर पूर्ण होत नाहीत, येतं ते पण राहून जातं. 17 वर्षांखालील गटात जिल्ह्याला पळाली, नंबर नाही आला.

वेगळं काय करता आलं असतं

अपूर्णांकांचं ते भगदाड सहावीतच सापडायला हवं होतं, दोन ट्यूशन लावण्याआधी कोणीतरी तासभर शेजारी बसून चौथीचे प्रश्न विचारले असते तरी पुरलं असतं. तेव्हा सापडलं असतं तर शाळा सोडायची वेळ आली असती का, मला शंका आहे. लर्निंग डिसॅबिलिटीची तपासणी पण आधी करून घ्यायला हवी होती. आम्ही ती केली आठवीत, काही निघालं नाही, पण निघालं असतं तर परीक्षेत सवलती मिळाल्या असत्या आणि निम्मा निर्णय बदलला असता.

डिसेंबरमध्ये शाळेसारखं टाइमटेबल लावण्याऐवजी तो महिना नुसता मोकळा सोडायला हवा होता, तसाही मामाकडचा आठवडाच कामी आला. ग्राउंड पहिल्या महिन्यात शोधायला हवं होतं, सहा महिन्यांनी नाही. आणि लिहिणं, रोज एक पान घड्याळ लावून, हे घरी शिकणाऱ्या सगळ्याच मुलांचं राहतं, बोलून-करून शिकतात आणि हात चालत नाही. नववीत जायचं असेल तर आठवीच्या दिवाळीपासून तीन तासांचे पेपर लिहायची सवय लावा, नाहीतर एनआयओएसला पण तेच होणार आहे.

धाकट्याचं विचारतात लोक. तो आता सहावीत आहे, त्याला शाळेला सुट्टी असली की करमत नाही, त्याला कोणी घरी ठेवणार नाहीये.